आंबेलाकियाची कंपनी आणि आपले कारखाने

थेस्सली म्हणजे ग्रीसचं सगळ्यात मोठं मैदान. चहूबाजूंनी डोंगर आणि मधे कापूस, गहू, मका. या मैदानाचं पाणी गोळा करून पिनिओस नदी ईशान्येच्या कोपऱ्यात एका अरुंद खिंडीतून समुद्राकडे निघते. खिंडीच्या एका अंगाला ऑलिंपस, दुसऱ्या अंगाला ओसा. इथले लोक ओसाला किस्सावोस म्हणतात. मधली जेमतेम दहा किलोमीटरची दरी ती टेम्पी. फार पूर्वी हे मैदान म्हणजे एक तळं होतं आणि पोसायडन देवाने डोंगर फोडून पाण्याला वाट करून दिली, असं थेस्सलीचे लोक सांगत. हिरोडोटसने ते लिहून ठेवलं आहे. परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला, हे ऐकत वाढलेल्या माणसाला ही कथा परकी वाटत नाही.

उत्तरेकडून ग्रीसमध्ये उतरायचं तर हीच मुख्य वाट. इ.स.पू. ४८० मध्ये इराणचा बादशहा चालून येत होता तेव्हा ग्रीकांनी पहिल्यांदा सैन्य लावलं ते इथे, दहा हजारांचं. पण डोंगराला वळसा घालून येणारा दुसरा रस्ता आहे हे कळल्यावर ते मागे सरले आणि पुढे थर्मोपिलीला लढले. एप्रिल १९४१ मध्ये न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या तुकड्यांनी जर्मनांना इथेच काही तास रोखून धरलं. आज मात्र ग्रीसमध्ये नुसतं 'टेम्पी' म्हटलं की लोकांचे चेहरे वेगळ्याच कारणाने पडतात. २८ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री या दरीजवळ प्रवासी गाडी आणि मालगाडी एकाच रुळावर समोरासमोर आदळल्या. ५७ माणसं गेली, त्यात कॉलेजची मुलं बरीच होती. त्या दिवसापासून या देशात हिशेब मागणं, जबाबदार कोण ते विचारणं, हा घराघरातला विषय झाला आहे.

या दरीच्या वर, किस्सावोसच्या उतारावर, आंबेलाकिया नावाचं गाव आहे. थेस्सलीचं मुख्य शहर लारिसा, तिथून अर्ध्या-पाऊण तासाची वाट. दरीच्या तोंडाशी वळायचं आणि नागमोडी रस्त्याने चढत जायचं. वर पोचलं की दगडी फरसबंदीच्या गल्ल्या, चौकात चिनाराची झाडं, समोर ऑलिंपसचा डोंगर आणि खाली मैदान. वस्ती आता काही शेकड्यांची. बाहेरून बघणाऱ्याला डोंगरातल्या इतर गावांसारखंच हे एक गाव वाटेल. पण सहकाराच्या भाकरीवर वाढलेल्या कुठल्याही मराठी माणसाने आयुष्यात एकदा इथे यावं, असं मला मनापासून वाटतं.

माझं घर कृष्णाकाठचं, ऊसवाल्याचं. शिक्षण झालं ते कापडाच्या शास्त्राचं, नोकरी मिळाली ती इथल्या कापसाच्या धंद्यात. युरोपीय संघात जो कापूस पिकतो त्यातला बहुतेक सगळा ग्रीसमध्ये आणि ग्रीसमधला फार मोठा वाटा थेस्सलीत. जिनिंग, सरकी, गाठी, ओलावा, धाग्याची लांबी, हे शब्द भाषा बदलली तरी रोजचेच. घरी फोन केला की मात्र विषय ऊसावर येतो. यंदा टनाला काय दिलं, पहिली उचल कधी, कुठला कारखाना कोणी घेतला.

आणि मग तो वाद सुरू होतो, जो महाराष्ट्रात प्रत्येक लग्नाच्या मांडवात आणि प्रत्येक सलूनमध्ये चालतो. एक बाजू म्हणते, सहकार केव्हाच मेला. चार घराण्यांची जहागीर झाली. खासगीवाला निदान काट्यावर बरा आणि पैशाला वेळेवर, त्यालाच ऊस घाला. दुसरी बाजू म्हणते, सहकार चांगलाच होता, तो मारला गेला. आधी बँकांनी कारखाने लिलावात काढले, मग २०२१ मध्ये दिल्लीत सहकाराचं वेगळं खातं निघालं, राज्याच्या हातातलं बळ वर गेलं. दोन्ही बाजूंना आपापल्या जागी आधार आहे. राज्यात गाळप करणारे कारखाने आज साधारण दोनशे, त्यातले निम्म्याच्या आसपास खासगी. ज्या राज्याने साखरेत सहकार रुजवून दाखवला त्या राज्यात ही अवस्था.

पण दोन्ही बाजूंच्या बोलण्यात सभासद कुठे आहे? पहिल्या बाजूला तो ऊस घालणारा आहे, दुसऱ्या बाजूला तो अन्याय झालेला आहे. तो मालक आहे, हे कोणी म्हणत नाही. मला जे सांगायचं आहे ते एवढंच आणि त्यासाठी आंबेलाकियाची हकीकत सांगायला हवी.

अठराव्या शतकात थेस्सली तुर्की सुलतानाच्या ताब्यात होती आणि १८८१ पर्यंत राहिली. मैदानात जहागीरदारांच्या जमिनी, हिवताप आणि रस्त्यावरून जाणाऱ्या फौजांचा त्रास. डोंगरातली गावं ठरावीक कर एकरकमी भरत आणि बाकी कारभार आपला आपण बघत. आंबेलाकियात तुर्क वस्तीला नव्हते. खाली मैदानात कापूस, अंगणात वाहतं स्वच्छ पाणी, जवळ समुद्र आणि थेस्सालोनिकीची पेठ. १७१८ च्या पासारोविट्झच्या तहापासून सुलतानाच्या प्रजेला ऑस्ट्रियाच्या मुलखात माफक जकात भरून व्यापार करता येत होता. एवढ्या गोष्टी जुळून आल्या आणि गावाने एकच माल धरला: लाल रंगवलेलं सुती सूत.

हा लाल रंग सोपा नव्हे. सुती धाग्यावर लाल पक्का बसत नाही, हे कापडवाल्यांना माहीत असतं. त्यासाठी लागे मंजिष्ठेच्या जातीचं मूळ. आपल्या आयुर्वेदातली मंजिष्ठा याच कुळातली. धाग्याच्या लडी आधी खाराच्या पाण्यात उकळायच्या. मग ऑलिव्हचं तेल, सोड्याचं पाणी आणि मेंढीच्या लेंड्या कालवून त्यात त्या पुन्हा पुन्हा भिजवायच्या, पिळायच्या, उन्हात वाळवायच्या. मग मायफळ, मग तुरटी. त्यानंतर कुठे मंजिष्ठेच्या काढ्यात उकळी आणि शेवटी साबणाच्या पाण्यात चमक. एक खेप पुरी व्हायला आठवडेच्या आठवडे जात. एक पायरी चुकली तर लाल विटकरी होई आणि व्हिएन्नाचा व्यापारी माल परत पाठवी. हे काम एकट्यादुकट्याचं नाही. तेल विकत घ्यायला भांडवल हवं, कातायला बायका हव्यात, रंगवायला तयार हात हवेत, आणि विकायला परमुलखात भरवशाची माणसं हवीत.

थेस्सालोनिकीला फ्रान्सचा वाणिज्यदूत म्हणून राहिलेल्या फेलिक्स बोजूरने शतक संपता संपता या गावाचं वर्णन करून ठेवलं आहे. चार हजार वस्ती, चोवीस रंगशाळा, वर्षाला अडीच हजार गाठी रंगीत सूत. पुरुष रंगवतात, बाया कातून तयार करतात, पोरांचे हातही रिकामे नाहीत. तुर्कस्तानातलं गाव बघतोय की हॉलंडमधलं, असा प्रश्न त्याला पडला. माल खुष्कीच्या मार्गाने पेस्ट (आजच्या बुडापेस्टचा भाग), व्हिएन्ना, लाइपझिग, ड्रेस्डेनपर्यंत जात होता.

सुरुवातीला गावात लहान लहान पेढ्या होत्या आणि त्या एकमेकींचे भाव पाडत होत्या. त्यातून सगळ्यांनी मिळून एकच कंपनी करायची ठरवलं. ग्रीसमध्ये या कंपनीचं जन्मवर्ष १७७८ धरतात आणि हीच जगातली पहिली सहकारी संस्था, असं अभिमानाने सांगतात. स्कॉटलंडमधल्या फेनिकच्या विणकरांनी १७६१ मध्ये संस्था काढली होती, म्हणून 'पहिली' हा शब्द मी वापरणार नाही. पण सहकाराच्या आपल्या शिबिरांमध्ये इंग्लंडमधल्या ज्या रॉचडेलच्या संस्थेचं नाव घेतलं जातं, ती १८४४ ची. तिच्या कितीतरी आधी हे गाव आपले नियम लिहून बसलं होतं.

नियम बघण्यासारखे आहेत. डेव्हिड अर्कर्ट या स्कॉटिश माणसाने १८३३ मध्ये ते सविस्तर सांगितले; १७९५ ला कंपनीची जी घडी बसली तिचे ते नियम. भाग कमीत कमी पाच हजार पियास्त्रांचा, म्हणजे तुर्की नाण्यांचा, आणि एका माणसाला जास्तीत जास्त वीस हजारांपर्यंत. वरची मर्यादा कशासाठी, तर पैसेवाल्यांनी सगळा नफा गिळू नये म्हणून. पाच हजार मजुराला कुठून झेपणार? मग मजुरांनी टोळ्या केल्या, थोडी थोडी बचत एकत्र केली आणि टोळीच्या नावाने एकेक भाग घेतला. लाभांश शेकडा दहाच्या वर वाटायचा नाही, उरलेला नफा भांडवलात जमा. दोन वर्षांत भांडवल सहा लाखांचं दहा लाख झालं. कारभार बघायला गावात तिघे. सहीचा अधिकार व्हिएन्नातल्या तिघांनाही.

एका मर्यादेवर भाग नाही, कष्टकऱ्याला भागीदारी, नफ्यावर लगाम, राखीव निधी. हे वाचताना अंगावर काटा येतो. कारण आपल्या १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याची हाडं हीच आहेत: एका सभासदाकडे एकूण भागभांडवलाच्या एक-पंचमांशाहून जास्त भाग नकोत, आणि भाग कितीही असोत, मत एकच. लोणीच्या माळावर विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरून भाग गोळा करत होते, धनंजयराव गाडगीळ हिशेबाला आणि दिशेला उभे होते, वैकुंठभाई मेहतांचा हात पाठीवर होता. प्रवरेचं पहिलं गाळप १९५०-५१ च्या हंगामात झालं. त्या शेतकऱ्यांना आंबेलाकियाची बातमी असण्याचं कारण नाही. पण भाव पाडणाऱ्या बाजारापुढे उभं राहायचं तर भांडवल आपलं हवं आणि ते एकाच्या मुठीत जाता कामा नये, या निष्कर्षाला दोन्हीकडची माणसं पोचली ती आपल्या अनुभवातून.

आता कंपनी बुडाली कशी? गावात विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. एक, इंग्रजांचं यंत्रावरचं सूत आलं. दोन, नेपोलियनच्या लढायांनी बाजार मोडले आणि १८११ मध्ये ऑस्ट्रियाच्या सरकारने दिवाळं जाहीर करून कागदी चलनाची किंमत एक-पंचमांशावर आणली. व्हिएन्नात ठेवलेला पैसा बघता बघता विरघळला. तीन, यानिनाच्या अली पाशाने, म्हणजे सुलतानाच्या तिथल्या सुभेदाराने, करांचा बोजा टाकला. तिन्ही कारणं खरी आहेत. मँचेस्टरच्या सुताने आपल्याकडच्या कातणाऱ्या बायकांचा चरखा थांबवला, तोच काळ आणि तोच मारेकरी. पुढे १८६८-६९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेचा रंग प्रयोगशाळेत बनवला, म्हणजे कंपनी त्या घडीपर्यंत टिकली असती तरी मुळांचा धंदा संपलाच असता.

पण अर्कर्टने सांगितलेला क्रम वेगळा आहे आणि मी त्यावर पुन्हा पुन्हा थांबतो. मँचेस्टर आणि व्हिएन्ना नंतर. आधी भांडण. एका पोटनियमाचा भंग झाला, त्यावरून गावात दोन तट पडले. वर्षानुवर्षं खटले चालले: कॉन्स्टँटिनोपलला, थेस्सालोनिकीला, व्हिएन्नाला. साक्षीदारांना मुलखामुलखांतून फिरवलं, निवाडे मिळवले आणि मिळाल्यावर नाकारले. अफाट पैसा त्यात गेला. शेवटी कंपनी फुटली आणि मुळात मजुरांच्या जेवढ्या टोळ्या होत्या तेवढे तिचे तुकडे झाले. व्हिएन्नाचा घाव पडला तो या तुकड्यांवर. एकत्र असते तर तो घाव त्यांनी सोसला असता की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. पण बाहेरचा शत्रू दारात आला तेव्हा घरात कोणी एकत्र नव्हतं, एवढं नक्की.

कंपनीचा अध्यक्ष होता गेओर्गिओस माव्रोस, व्हिएन्नाच्या व्यवहारात श्वार्त्झ म्हणून ओळखला गेलेला. त्याचा वाडा अजून उभा आहे, आता संग्रहालय आहे. १७८७ ते १७९८ अशी बांधकामाची वर्षं सांगतात. खालचा भाग जाड दगडी भिंतींचा, खिडक्या अरुंद, त्यांना लोखंडी गज. कंपनीचे हिशेब आणि तिजोरी तिथे. वर गेलं की लाकडी सज्जे भिंतीबाहेर झेपावलेले, छताला कोरीवकाम, भिंतींवर फुलं, झाडं, दूरदेशीची शहरं रंगवलेली, रंगीत काचांतून येणारा उजेड. इतकं देखणं घर थेस्सलीत दुसरं मी पाहिलेलं नाही.

आणि तरी त्या जिन्याने वर चढताना माझ्या डोक्यात एकच येतं: खाली संस्थेचे हिशेब, वर अध्यक्षाचं घर. या माणसाने कंपनी खाल्ली असं म्हणायला माझ्याकडे काहीही आधार नाही आणि तसं मी म्हणत नाही. तो उद्यमी होता, त्याच्याशिवाय व्हिएन्नाची वाट उघडली नसती. पण संस्थेची वही ज्या घरात राहते त्या घराच्या मालकीची ती हळूहळू होते. मजुराला त्याच्या टोळीचा हिशेब बघायचा तर अध्यक्षाच्या उंबऱ्यावर जावं लागत असेल, चपला बाहेर काढून. हे दृश्य मला नवं नाही. आमच्याकडे कारखान्याच्या साइटवर ऑफिस असतं, पण निर्णय बंगल्यावर होतात हे शेंबड्या पोराला माहीत असतं.

लारिसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण खासगी किंवा सरकारी काहीही चालेल, भाव मिळाला म्हणजे झालं, असं म्हणणारे माझे मित्र आहेत. या शहरात साखर कारखाना होता. बीटची साखर. १९६१ ला सुरू झालेला, ग्रीसमधला पहिला. कंपनी सरकारच्या बाजूची, तिची मालकी मुख्यत्वे कृषी बँकेकडे. शेतकरी बीट घालायचा, पैसे घ्यायचा, बियाणं, सल्ला सगळं मिळायचं. जुने लोक आजही चांगलं बोलतात त्याबद्दल. पण कारखाना शेतकऱ्याच्या मालकीचा नव्हता. २००६ मध्ये युरोपीय संघाने साखरेचं धोरण बदललं, उत्पादन कमी करणाऱ्यांना मोबदला देऊ केला आणि ग्रीसच्या पाच कारखान्यांपैकी दोन बंद करायचं ठरलं. लारिसाचा त्यात गेला. बीट उत्पादकाला कोणी विचारलं नाही, विचारायचं कारणच नव्हतं. तो मालक कुठे होता? थेस्सलीतून बीट जवळपास हद्दपार झालं, उरलेले कारखानेही पुढे एकेक करून खंगले आणि हा देश आपली बहुतेक साखर आज बाहेरून आणतो. खासगी कारखान्याच्या काट्यावर आज समाधानाने उभ्या असलेल्या आपल्या शेतकऱ्याने हे लक्षात ठेवावं. त्याला आज जो भाव मिळतो तो शेजारी अजून सहकारी कारखाना उभा आहे म्हणूनही मिळतो. शेजारचा बंद पडला की मग काय, हे लारिसात येऊन बघता येतं.

याचा अर्थ ग्रीसच्या सहकाराने धडा दिला आणि आपण तो गिरवावा, असं मुळीच नाही. इथली गोष्ट आपल्याइतकीच दुखरी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थेस्सलीतल्याच आल्मिरोसमधून शेतकऱ्यांच्या संस्था नव्याने सुरू झाल्या, १९२९ मध्ये कृषी बँक आली. १९८० च्या दशकात पक्षांनी संस्था काबीज केल्या. निवडणुका पक्षांच्या याद्यांवर होऊ लागल्या, नोकऱ्या पक्षाच्या पोरांना, कर्जं वरच्या फोनवर. कर्जं डोईजड झाली, बोजा सरकारी तिजोरीवर आला आणि खुद्द कृषी बँक २०१२ मध्ये मोडीत निघाली, तिचा चांगला भाग दुसऱ्या बँकेत गेला. इथल्या शेतकऱ्याला 'सहकारी संस्था' म्हटलं की पहिल्यांदा आठवते ती ही लूट. दर हिवाळ्यात लारिसाबाहेर महामार्गावर ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात, भावासाठी, नुकसानभरपाईसाठी. त्या रांगेत उभ्या माणसांना मी विचारतो की तुम्ही सगळे मिळून कापूस का विकत नाही? मान हलवतात. विश्वास एकदा गेला की परत यायला पिढ्या लागतात.

जे टिकलं तेही सांगतो. किओस बेटाच्या दक्षिणेला चोवीस गावं आहेत, तिथे मस्तकीच्या झाडाचा डिंक निघतो. त्या उत्पादकांचा संघ १९३८ पासून चालू आहे, माल एकत्र विकतो, आणि जगभर त्या डिंकाचा भाव हा संघ राखतो. खुद्द आंबेलाकियातही १९८० च्या दशकात बायकांनी पाहुण्यांची सोय करणारी सहकारी संस्था काढली होती, ग्रीसमधल्या अशा पहिल्या काही संस्थांपैकी एक. लारिसात शेतकऱ्यांच्या संस्थेची दुधाची यंत्रं रस्त्यावर उभी आहेत, बाटली लावायची, नाणं टाकायचं, दूध घ्यायचं. ही उदाहरणं सांगून चित्र गोड करायचं नाही मला. एवढंच दिसतं की जिथे माल एक आहे, कार्यक्षेत्र लहान आहे आणि हिशेब उत्पादकाच्या नजरेच्या टप्प्यात आहे, तिथे संस्था श्वास घेते.

आता घरचं. साखर कारखान्यांच्या भांडवलात सभासदाचा वाटा किती, याकडे आपण बघतच नाही. सुरुवातीपासून सरकारने भाग घेतले, कर्जाला हमी दिली. ते चांगल्या हेतूने होतं, त्याशिवाय पन्नास-साठच्या दशकांत कारखाने उभेच राहिले नसते. पण त्यातून एक सवय लागली. धोका सरकारचा, कर्ज बँकेचं, निर्णय चेअरमनचा, सभासदाचं काय? उसाचं बिल आणि दिवाळीची सवलतीची साखर. आंबेलाकियाच्या मजुराने पोटाला चिमटा घेऊन टोळीचा भाग घेतला होता, म्हणून पोटनियम मोडला तेव्हा तो कोर्टापर्यंत भांडला. चुकीच्या रीतीने भांडला, संस्था फुटेपर्यंत भांडला, पण आपल्या मालकीसाठी भांडला. आमच्याकडे कारखाना लिलावात निघतो, किंमत ठरते, ताबा बदलतो आणि सभासदाला ते पेपरात वाचायला मिळतं.

वार्षिक सर्वसाधारण सभा पाहिली आहे का कधी? मी शाळकरी असताना वडिलांबरोबर गेलो आहे. मंडप, पुढे सोफे, मागे सतरंज्या. अहवालाचं जाड पुस्तक गेटवर हातात पडायचं आणि तासाभरात सभा संपलेली असायची. विषय क्रमांक एक, मंजूर? मागून आवाज यायचा: मंजूर, मंजूर. ताळेबंदाचं पान उघडायच्या आत विषय क्रमांक सात आलेला असायचा. एका म्हाताऱ्या सभासदाने उभं राहून उपपदार्थांच्या विक्रीचा आकडा विचारला, तेव्हा माईक दुसऱ्याकडे गेला आणि राष्ट्रगीत सुरू झालं. वडील घरी येऊन ते पुस्तक माळ्यावर ठेवून द्यायचे. तिथे दरवर्षीची पुस्तकं होती, एकाचंही पान दुमडलेलं नव्हतं.

एफआरपीच्या, म्हणजे उसाच्या सरकारने ठरवलेल्या किमान भावाच्या, लढाईबद्दल मला आदर आहे. राज्य सरकारने २०२२ मध्ये ती दोन हप्त्यांत द्यायची मुभा दिली, मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, आणि त्यामागे शेतकरी संघटनांचा चिवटपणा होता. पण ही लढाई माल विकणाऱ्याची आहे. खासगी कारखान्याच्या दारातही ती अशीच लढावी लागते. मालकाची लढाई वेगळी: कर्ज कशासाठी काढलं, डिस्टिलरी आणि वीजनिर्मितीचं उत्पन्न कुठे दिसतं, कामांची कंत्राटं कोणाकडे गेली, वीस वर्षं एकाच घरात पद का राहिलं. ही लढाई आपण लढलोच नाही, म्हणून सहकार दिल्लीने मारला की चेअरमनने, हा वाद करत बसलो आहोत.

परदेशात बसून हे बोलणं सोपं आहे, असं कोणी म्हणेल. त्याचंही उत्तर आंबेलाकियातच आहे. ती कंपनी अर्धी व्हिएन्नात होती. बाहेर गेलेल्या माणसांच्या हातात सह्या होत्या, त्यांच्या पैशातून गावात शाळा चालल्या, आणि भांडणाच्या वेळी तेही भांडणाचा भाग होते. गाव सोडलं म्हणून मालकी सुटत नाही. आज पुण्यात, बंगळुरूत, दुबईत, न्यू जर्सीत बसलेल्या कितीतरी मराठी माणसांच्या घरी एखाद्या कारखान्याचा, सूतगिरणीचा, दूध संघाचा भाग आहे. तो बहुधा आजोबांच्या नावावर आहे आणि आजोबा जाऊन जमाना झाला आहे.

आमचंही तेच होतं. आजोबांचा भाग वडिलांच्या नावावर करायला कारखान्याच्या ऑफिसात अर्ज दिला. अमुक दाखला आणा, तमुक साहेब नाहीत, निवडणूक झाल्यावर या. वडील थकले. नंतर भावाने पोचपावतीसह लेखी अर्ज दिला, मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, सगळं जोडलं आणि उत्तर लेखीच द्या म्हणून सांगितलं. वेळ लागला, पण झालं. आता यादीत नाव भावाचं आहे, अहवाल त्याच्या हातात येतो आणि तो त्याचे फोटो काढून मला पाठवतो. आम्ही दोघं ताळेबंद वाचतो. तो ऊसवाला, मी कापूसवाला, अडलं की गावातल्या एका निवृत्त हिशेबनिसाला विचारतो. यंदा त्याने सभेच्या आधी लेखी प्रश्न दिले आहेत: देणी किती, कोणाची, कोणत्या व्याजाने, आणि सभासदांच्या मयत नोंदी यादीत अजून किती.

सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हायला हवी. ज्यांच्या घरी असा भाग पडून आहे त्यांनी त्याआधी वारस नोंदीचा अर्ज टाकावा, गावातल्या भावा-बहिणीला अहवाल आणायला सांगावा, आणि उपपदार्थांचं पान आधी उघडावं.